लांबलचक शब्दांचा शोध



प्रारंभींच आपणांस एक लहानशी तसदी देणार आहें. इंग्रजी वर्णमालेंतील जी आणि पी हीं दोन अक्षरें, याच क्रमानें आणि एकमेकांस चिकटून, ज्याच्या पोटांत बसलीं आहेत असा एक साधा, परिचयाचा इंग्रजी शब्द आपण मनांतल्या मनांत शोधावा. कागद-पेन्सिल जवळ असली तर उत्तम. नसली तरी अडत नाहीं. 'जी'पुढें लगेच 'पी' येतो असें कोठें वाचल्याचें चटकन् आठवत नाहीं, आणि असा शब्दच नसावा, अशी आपली समजूत होऊं लागते. तेवढ्यांत घरांतलें एखादें पोर पुढें होऊन म्हणतें, "मॅगपाय्!" इंग्लंडांत दारोदारीं दिसणारा तो काळा-पांढरा पक्षी. एम्-ए-जी आणि पी-आय्-ई. शब्द आपल्या ओळखीचा होता, तो आपण शंभर वेळां वाचला होता. पण त्याच्या पोटांत काय आहे तें आपण कधीं पाहिलेंच नव्हतें.

हें कोडें माझें नव्हे. ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च महाविद्यालयांतील गणिताचे अध्यापक चार्ल्स लट्विज डॉज्सन, म्हणजेच १८६५ सालीं 'अॅलिस'ची अद्भुत कथा प्रसिद्ध करणारे लुई कॅरोल, यांनीं बसविलेल्या एका खेळांतलें तें आहे. खेळाचें नांव 'मिश्‌मॅश', म्हणजे आपल्या भाषेंत खिचडी. एका गड्यानें दोन किंवा अधिक अक्षरांचा एक गाभा द्यावयाचा आणि दुसऱ्यानें तो गाभा ज्यांत आहे असा शब्द शोधावयाचा. ई-एम्-ओ म्हटलें तर 'लेमन'; आय्-एम्-एस्-ई म्हटलें तर 'हिम्‌सेल्फ'. या खेळास कॅरोलनें एक अट घातली होती, ती मला फार महत्त्वाची वाटते. शब्द 'कायदेशीर' पाहिजे. म्हणजे तो विशेषनाम नसावा आणि सामान्य समाजांत लोकांच्या परिचयाचा असावा. कोशाच्या अडगळींतून ओढून काढलेला, कोणीं कधीं न उच्चारलेला शब्द तेथें चालावयाचा नाहीं. या अटीकडे मी पुढें परत येणार आहें.

याच खेळाचीं अनेक रूपें पुढें निघालीं. कोठें अक्षरें सलग यावीं लागतात, कोठें विस्कळित चालतात. पण बहुतेक ठिकाणीं चुरस असते ती लांबीची. फ्रान्समध्यें १९६५ सालीं दूरचित्रवाणीवर 'सर्वांत लांब शब्द' या अर्थाच्या नांवाचा कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याच धर्तीवर इंग्लंडांत नोव्हेंबर १९८२ मध्यें 'काउंटडाउन' निघाला. त्यांत नऊ अक्षरें समोर मांडतात आणि तीस सेकंदांत त्यांतून शक्य तितका लांब शब्द जुळवावयाचा असतो. तीस सेकंद म्हणजे आपल्याकडे चहाचा पेला हातांत घेऊन फुंकर घालण्यास लागणारा वेळ! तेवढ्यांत नऊच्या नऊ अक्षरें जुळविणारे लोक आहेत. त्यांना हें कसें साधतें, हा आजच्या भाषणाचा एक विषय. आणि आपण तें कशासाठीं साधावें, हा दुसरा.

या दुसऱ्या प्रश्नाचें मूळ माझ्या लहानपणांत आहे. इंग्रजी शिकूं लागलों त्याच वर्षीं आमच्या मास्तरांनीं आम्हांकडून 'अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम' हा अठ्ठावीस अक्षरांचा शब्द घोकून घेतला. घरीं कोणी पाहुणे आले कीं वडील मला बोलावीत आणि मी तो शब्द अक्षरांसह धडाधड म्हणून दाखवी. पाहुणे थक्क होत, वडिलांचा चेहरा खुले, आणि मला शंकरपाळे मिळत. एके दिवशीं वडिलांचे एक वृद्ध स्नेही आले. ते ओसरीवर बसून सुपारी कातरीत होते. माझें म्हणून झाल्यावर ते म्हणाले, "शाबास! पण बाळ, याचा अर्थ काय रे?" मी गप्प. वडीलही गप्प. तेव्हां ते हंसले नाहींत, रागावलेही नाहींत. हातांतली सुपारी दाखवून म्हणाले, "हें बघ, सुपारी कोणी अख्खी गिळतो का? आधीं कातरावी, मग तोंडांत टाकावी. तुला अडकित्ता कोणीं दिलाच नाहीं."

मग त्यांनीं तो शब्द माझ्यासमोर कातरला. मध्यें 'एस्टॅब्लिश', म्हणजे स्थापणें. त्याला 'मेंट' लावलें कीं झाली स्थापना; येथें अर्थ राज्यसंस्थेनें मान्य केलेलें धर्मपीठ. मागें 'डिस्' आला कीं ती मान्यता काढून घेणें. त्याहीमागें 'अँटि', म्हणजे त्या काढून घेण्यास विरोध. शेवटीं 'एरियन्' आणि 'इझम्', म्हणजे तसें मानणारा आणि त्याचें मत. इंग्लंडच्या धर्मपीठास राज्याचा जो आधार आहे तो काढूं नये, असें म्हणणाऱ्या पक्षाचें मत. ही कांहीं पोकळ कल्पना नव्हती. आयर्लंडमधील धर्मपीठाचा असा आधार १८६९ च्या कायद्यानें खरोखरच काढण्यांत आला, आणि वेल्समधील १९२० सालीं गेला. ज्या शब्दावर मी शंकरपाळे मिळविले होते त्याच्यामागें एका राष्ट्राचें अर्धशतकाचें भांडण उभें होतें, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता! त्या दिवसापासून लांब शब्दाची माझी भीति गेली. आणि खरें सांगावयाचें तर त्याचा तोराही गेला. लांब शब्द हा एखादा राक्षस नसून तें एक एकत्र कुटुंब आहे. त्यांतलीं माणसें एकेक करून ओळखलीं कीं वाड्यांत शिरतांना बिचकावें लागत नाहीं.

आतां हा अडकित्ता खेळांत कसा वापरावयाचा तें पाहूं.

पहिली गोष्ट सांध्याची. दिलेल्या अक्षरांत एकमेकांशीं न पटणारीं व्यंजनें दाटीनें बसलेलीं दिसलीं, तर समजावें कीं येथें दोन शब्दांची शिवण आहे. जी-पी हें जोडपें 'मॅग' आणि 'पाय्' यांच्या शिवणीवर बसलें आहे. डब्ल्यू-के-डब्ल्यू दिलें तर आधीं घाबरावयास होतें. पण शेवटचा डब्ल्यू 'वर्ड' या प्रत्ययाचा असावा असें मनांत आलें कीं 'ऑक्‌वर्ड' हातीं येतो. एन्-के-एस्-टी म्हणजे 'इंक्‌स्टँड', आपली दौतदाणी. आणि टी-सी-एच्-पी-एच्-आर् अशीं सहा व्यंजनें एका ओळींत मागितलीं तर? सीएच् आणि पीएच् यांच्यामध्यें कात्री चालवा. डावीकडे 'कॅच्' आणि उजवीकडे 'फ्रेज्' मिळून 'कॅचफ्रेज' हा शब्द तयार. आपण मराठी माणसें येथें थोडीं अडखळतों, त्याला कारण आहे. आपल्याला संधीची संवय. सूर्य आणि उदय एकत्र आले कीं 'सूर्योदय' होतो आणि सांधा विरघळून जातो. अस्सल इंग्रजी जोडशब्दांत बहुधा तसें होत नाहीं; तेथें विटेवर वीट ठेवलेली असते आणि गिलावा केलेला नसतो. म्हणून फट दिसते, आणि फट दिसते म्हणून शब्द सांपडतो.

परंतु इंग्रजींत लॅटिनमधून आलेल्या शब्दांची मोठी वस्ती आहे, आणि तेथें मात्र संधि आहे. सत् आणि जन मिळून 'सज्जन', उत् आणि लेख मिळून 'उल्लेख'. पहिल्या शब्दाचें अखेरचें व्यंजन दुसऱ्याच्या आरंभाशीं जुळवून घेतें. नेमकें हेंच लॅटिननें केलें. 'कॉन्' आणि वेंचणें या अर्थाचा धातु मिळून 'कलेक्ट', त्यांत एल् दुप्पट. नकारार्थी 'इन्' पुढच्या अक्षराप्रमाणें रूप पालटतो आणि 'इल्लीगल', 'इम्मॉरल', 'इर्रेग्युलर' हे शब्द होतात. सी-क्यू हा गाभा विचित्र वाटतो. पण 'अॅड्'मधला डी पुढच्या क्यूच्या संगतीनें सी झाला आणि 'अॅक्वायर' म्हणजे मिळविणें हा शब्द बनला, हें कळलें कीं विचित्रपणा उरत नाहीं. म्हणून शब्दाच्या आरंभाजवळ जोडअक्षर मागितलें असेल तर लॅटिनच्या दारावर थाप मारावी. ज्यानें लघुकौमुदीचीं दहा पानें वाचलीं आहेत त्याला हें दार परकें वाटूं नये.

तिसरें दार ग्रीकचें. पी-एच्-टी-एच् हीं चार अक्षरें सलग आलीं तर शिवण शोधीत बसूं नये. 'डिफ्थेरिया' म्हणजे घटसर्प, 'ऑफ्थॅल्मॉलॉजी' म्हणजे नेत्रवैद्यक, 'डिफ्थाँग' म्हणजे संयुक्त स्वर, आणि आपल्या कपाटांतल्या डांबरगोळ्यांचें 'नॅफ्थॅलीन', हे सारे शब्द ग्रीकच्या वाटेनें आलेले आहेत. ग्रीकांचीं दोन स्वतंत्र अक्षरें इंग्रजी लिपींत चार होऊन बसलीं. एस्-टी-एच्-एम् म्हटलें कीं 'अॅस्थ्मा' म्हणजे दमा आणि 'इस्थ्मस्' म्हणजे संयोगभूमि. आर्-आर्-एच् म्हटलें कीं अतिसाराचा 'डायरिया' आणि पडशाचा 'कॅटार'. या दोहोंच्याही मुळाशीं वाहणें या अर्थाचा एकच ग्रीक धातु आहे. शाळेंत ज्या स्पेलिंगांपायीं छड्या खाल्ल्या त्या स्पेलिंगांत असा वंशवृक्ष दडलेला असतो.

चौथी युक्ति दुर्मिळ अक्षरांची. न्यूयॉर्कमध्यें आल्फ्रेड मोशर बट्स नांवाचे एक वास्तुशिल्पी १९३० नंतरच्या मंदींत बेकार झाले. त्यांनीं वर्तमानपत्राच्या पानांवरील अक्षरें मोजलीं, कोणतें किती वेळां येतें तें टिपलें आणि त्यावरून अक्षरांच्या सोंगट्यांचा एक खेळ रचला. १९४८ पासून तो 'स्क्रॅबल' या नांवानें प्रसिद्ध झाला. त्यांत ईच्या सोंगट्या बारा आहेत, तर क्यू आणि झेड् यांची एकेकच, आणि तिचें मोल दहा गुण. आपणही शोध करतांना ईपासून सुरुवात करूं नये. ई सर्वांच्या घरीं जातो. जे आणि एक्स् हीं दोन अक्षरें कोणत्याही अंतरानें असलेला लांब शब्द मागितला, तर त्या दोघांना एकत्र बोलावणारीं घरें किती थोडीं! 'जक्स्टापोझिशन' म्हणजे शेजारीं शेजारीं मांडणें, हा तेरा अक्षरांचा शब्द लौकरच सुचतो. क्यू आणि एक्स् म्हटलें तर 'एक्स्क्विझिट'; आणि त्याला 'नेस्' हें शेपूट लावलें कीं नवाचीं तेरा अक्षरें होतात. शेपटांचा हा उपयोग विसरूं नये. 'नेशन'पासून 'नॅशनल', 'नॅशनलाइझ', 'नॅशनलायझेशन' असा चढत गेलेला शब्द 'डीनॅशनलायझेशन'पर्यंत सतरा अक्षरांचा होतो, आणि तरी त्यांत समजण्यास कठीण असें कांहींच नसतें.

अक्षरें विस्कळित दिलीं असतां तर कधीं कधीं मौजेचा योग येतो. 'एज्युकेशन' म्हणजे शिक्षण, या शब्दांत नऊ अक्षरें आहेत आणि पांचही स्वर आहेत. तींच नऊ अक्षरें फिरवून मांडलीं कीं 'कॉशन्ड' होतो, म्हणजे सावध केलेला. आणि पुन्हां फिरवलीं कीं 'ऑक्शन्ड', म्हणजे लिलांवांत काढलेला! शिक्षणानें माणूस सावध होतो कीं लिलांवांत निघतो, हें ज्याचें त्यानें पाहावें. अक्षरें दोन्ही उत्तरें देतात. पांच स्वर ए, ई, आय्, ओ, यू याच क्रमानें हवे असतील तर 'फॅसीशस' आणि 'अॅब्स्टीमियस' हे दोन शब्द प्रसिद्ध आहेत. पहिला थट्टेखोर माणसाचा, दुसरा मिताहारी माणसाचा. तेच स्वर उलट्या क्रमानें पाहिजेत? आपण ज्यांत राहतों तो उपखंड, त्याचें विशेषण 'सबकॉन्टिनेन्टल' लिहून पाहा.

यावर कोणी म्हणेल, हा सगळा खटाटोप कशाला? आज संगणक हें काम पापणी लवण्यापूर्वीं करतो. हें अगदीं खरें. त्याची रीत सोपी आहे. तो कोशांतील प्रत्येक शब्दाचीं अक्षरें वर्णानुक्रमानें लावून ठेवतो. 'एज्युकेशन'चीं अक्षरें तशीं लावलीं कीं ए-सी-डी-ई-आय्-एन्-ओ-टी-यू होतात. 'कॉशन्ड' आणि 'ऑक्शन्ड' यांचींही तींच होतात. त्यामुळें तिन्ही शब्द एकाच खणांत जाऊन पडतात, आणि विचारतांच तिन्ही एकदम बाहेर येतात. सलग गाभा दिला तर लाखों शब्दांच्या यादीवरून तो एका दमांत नजर फिरवितो. मिश्‌मॅशच्या खेळांत 'असा शब्दच नाहीं' असा निवाडा देण्याची गड्याला मुभा असे. तो निवाडा देणें फार धाडसाचें. कारण आहे म्हणण्यास एक शब्द पुरतो, नाहीं म्हणण्यास सारी भाषा ठाऊक असावी लागते. संगणक हा निवाडाही निःशंकपणें देतो. पण त्याचा अर्थ एवढाच कीं, त्याच्या यादींत तो शब्द नाहीं. यादी म्हणजे भाषा नव्हे. शिवाय ज्याला उत्तर आयतें मिळालें त्याला शिवण, संधि, वंशवृक्ष यांपैकीं कांहींच दिसलें नाहीं. सुपारी पुन्हां अख्खीच गिळली गेली.

आणि आतां कॅरोलच्या त्या अटीकडे वळतों. केवळ लांबीच हवी असेल तर तिला अंत नाहीं. अमेरिकेंतील नॅशनल पझलर्स लीग या कोडेवाल्यांच्या संस्थेच्या अध्यक्षांनीं १९३५ सालीं पंचेचाळीस अक्षरांचा एक शब्द मुद्दाम घडविला: 'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिऑसिस'. पुढें तो मोठमोठ्या कोशांतही जाऊन बसला. कातरून पाहिला तर त्यांत फुप्फुस आहे, सूक्ष्मदर्शकाच्याही पलीकडची सूक्ष्मता आहे, गारेचें द्रव्य आहे, ज्वालामुखी आहे आणि धुळीचा रोग आहे. हा खेळ म्हणून मीही त्याला हंसलों आहें. परंतु दगडाच्या खाणींत आणि खडी फोडण्याच्या कामावर राबणाऱ्यांच्या छातींत ती धूळ खरोखर जाते, आणि त्यांना जो रोग होतो त्याला वैद्य 'सिलिकोसिस' एवढेंच म्हणतात. नऊ अक्षरें. दम लागून ज्याचें बोलणें तुटतें त्याच्या बायकोला पंचेचाळीस अक्षरांचा कांहीं उपयोग नाहीं. नऊ अक्षरांचा शब्द दाखल्यावर बरोबर लिहिला जातो कीं नाहीं, यावर तिचें पुष्कळ अवलंबून असतें. शब्दाची किंमत लांबीवरून ठरत नाहीं, तो कोणाच्या कामीं येतो यावरून ठरते. आपल्या सुशिक्षित घरांत लांब इंग्रजी शब्द अजूनही पाहुण्यांपुढें मांडण्याचें चांदीचें भांडें आहे, म्हणून हें बोलावेंसें वाटलें. मुलांना असे शब्द अवश्य द्यावे; पण बरोबर अडकित्ताही द्यावा.

शेवटीं माझी एक फजिती सांगून रजा घेतों. माझी बारा वर्षांची भाची हा खेळ माझ्याच हाताखालीं शिकली. परवां जेवणें झाल्यावर तिनें मला गाभा दिला: एन्-जी-ओ-ओ. मीं शिवण शोधली; 'इंग'पुढें दुहेरी ओनें आरंभ होणारा शब्द मिळेना. लॅटिन धुंडाळलें, ग्रीक धुंडाळलें. अखेर मोठ्या गांभीर्यानें निवाडा दिला कीं असा शब्द इंग्रजींत नाहीं.

ती टाळ्या पिटून म्हणाली, "मामा, हरलात! मंगूज!"

'मंगूज' म्हणजे मुंगूस. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनीं आपल्या मराठींतून उचललेला हा शब्द. लिहितांना त्यांनीं त्याच्या अंगांत विनाकारण एक हंस, म्हणजे 'गूज', कोंबला. पण अनेकवचन मात्र 'मंगीज' असें केलें नाहीं, तेवढी त्याची मुंगुसकी राखली. मी रोम आणि अथेन्स फिरून आलों, आणि शब्द आमच्या परसांतल्या कुंपणाखालीं बसला होता. मीं हार मान्य केली; आणि पोरीनें हक्कानें शंकरपाळ्यांचा डबा पुढें ओढला.